स्वातंत्र्यसैनिक पूर्वजांच्या नावाने स्मृती संस्था: पहिल्या कागदापासून नोंदणीपर्यंत

घरात आजोबांचा फोटो असतो, ट्रंकेत कुठेतरी ताम्रपट असतो आणि "आजोबा बेचाळीसला जेलात होते" हे एक वाक्य असतं. बहुतेक घरांत माहिती इथेच थांबते. कुठल्या तुरुंगात, किती महिने, कशासाठी, गावातलं आणखी कोण बरोबर होतं, हे सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. महाराष्ट्रात अशी घरं गावोगावी आहेत. आपल्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांनी एकत्र येऊन एक स्मृती संस्था काढावी, असं त्यातल्या अनेकांच्या मनात असतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. संस्था नोंदवून मग पूर्वज शोधायला निघू नका. आधी पाच-सात घरांचे कागद जमवा, नोंदणी त्यानंतर. क्रम उलटा झाला की लेटरहेड छापलं जातं, सत्कार होतात, हारतुरे होतात, आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललंय त्यांच्याबद्दल नवी एक ओळही हाती लागत नाही.

पहिली पायरी: घरातलं घरातच शोधा

ट्रंक, माळा, देवघरातली पेटी, जुन्या पोथ्यांची बासनं, सगळं एकदा उघडून बघा. काय शोधायचं? स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, १९७२ साली, दिलेला ताम्रपट. पेन्शनचं पासबुक किंवा मंजुरीचा आदेश. तुरुंगाचा दाखला. तुरुंगातून आलेली पत्रं. त्यांवर तपासणीचा शिक्का आणि बंद्याचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाने पुढचं अर्धं काम सोपं होतं. सत्कारपत्रं, गावच्या शाळेची स्मरणिका, श्रद्धांजलीचं वर्तमानपत्रातलं कात्रणसुद्धा बाजूला ठेवा.

प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा पुढच्या मजकुरापेक्षा उपयोगी पडते. जुना कागद लॅमिनेट करू नका, फाटला असेल तर चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी तो कायमचा खराब होतो.

मग माणसांकडे वळा, आणि यात उशीर नको. १९४२ साली दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज नव्वदीच्या पुढे आहे. विचारण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. "आजोबांनी काय केलं?" असं विचारलं तर ऐकीव, गोळीबंद उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: रात्री घरी कोण कोण यायचं? त्यांना जेवण कोण करून घालायचं? पोलीस आले तेव्हा घरात कोण होतं, काय काय उचलून नेलं? आजोबा नसताना शेत कोणी केलं? साल आठवत नसेल तर एखाद्या लग्नाशी, बाळंतपणाशी, दुष्काळाशी जोडून विचारा. फोनवर आवाज मुद्रित करून ठेवा, पण आधी परवानगी घेऊन. घरातल्या बायकांशी वेगळं बसून बोला. पुरुष मंडळी समोर असली की त्या "मला काय माहीत" म्हणतात, आणि भूमिगतांची खरी व्यवस्था कशी चालायची हे नेमकं त्यांनाच माहीत असतं.

दुसरी पायरी: कुठली चळवळ, कुठलं साल, तेव्हाचा कुठला जिल्हा

नवखे लोक इथे सर्वात जास्त अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण "स्वातंत्र्यलढा" असं एका शब्दात म्हणतो, पण कागद त्या नावाने ठेवलेले नाहीत. ते घटनेच्या, सालाच्या आणि त्या वेळच्या जिल्ह्याच्या नावाने आहेत. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह वेगळा. १९३० चा शिरोड्याचा आणि वडाळ्याचा मिठाचा सत्याग्रह, बिळाशी आणि चिरनेरचा जंगल सत्याग्रह, सोलापूरचा मार्शल लॉ हे वेगळे. १९४२ मध्येही चिमूर, आष्टी, वडूज, नंदुरबार, गारगोटी या प्रत्येक ठिकाणची कागदपत्रं निराळी. साताऱ्याच्या प्रतिसरकारचं काम १९४३ ते १९४६ असं चाललं, तेव्हा ते "बेचाळीस"च्या फाईलमध्ये शोधून पुरत नाही. फेब्रुवारी १९४६ मधला नौदलाचा उठाव आणि आझाद हिंद सेना यांची कागदपत्रं तर लष्करी आणि केंद्रीय दप्तरात जातात.

आता जुना नकाशा. शिरोडा आज सिंधुदुर्गात आहे, पण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला. १९३० ची नोंद रत्नागिरीच्या नावाने सापडेल. चिरनेर कुलाबा जिल्ह्यात शोधायचं, रायगडमध्ये नाही. नंदुरबार म्हणजे तेव्हाचा पश्चिम खानदेश, चिमूर म्हणजे चांदा जिल्हा. सांगली, मिरज, औंध, फलटण, कोल्हापूर ही संस्थानं होती, त्यांचं पोलीस खातं आणि तुरुंग वेगळे. विदर्भ हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा भाग होता, त्यामुळे तिथल्या सत्याग्रहींना जबलपूर किंवा सिवनीच्या तुरुंगातही ठेवलेलं आढळतं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला लढा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चालला. कागद बऱ्याच अंशी उर्दूत आहेत. गोवामुक्तीसाठी १९५५ च्या सत्याग्रहात गेलेल्यांचा शोध घ्यायचा तर पणजीच्या अभिलेखागारापर्यंत जावं लागतं आणि पोर्तुगीज जाणणारा माणूस लागतो.

म्हणून एका पानावर चार रकाने आखा: घटना, साल, तेव्हाचा जिल्हा किंवा संस्थान, संभाव्य तुरुंग. मुंबई प्रांतात येरवडा, विसापूर, नाशिक रोड, ठाणे, हिंडलगा ही नावं पुन्हा पुन्हा येतात. हे पान भरल्याशिवाय कुठल्याही कार्यालयाची पायरी चढू नका. नुसतं "आजोबांची माहिती पाहिजे" म्हणालात तर समोरचा कर्मचारी मनात असूनही मदत करू शकत नाही.

शिक्षेबद्दलही एक लक्षात ठेवा. १९४२ मध्ये हजारो लोकांवर खटला चाललाच नाही, त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं गेलं. तिथे निकालपत्र शोधून उपयोग नाही, स्थानबद्धतेचा आणि सुटकेचा हुकूम शोधावा लागतो. आणि १९३० मध्ये शिक्षा झालेले अनेक जण मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर मुदतीआधी सुटले. घरात "एक वर्षाची शिक्षा" ऐकलेली असेल आणि तुरुंगाच्या वहीत चारच महिने दिसले तर घाबरू नका. दोन्ही खरं असू शकतं.

तिसरी पायरी: पेन्शनची फाईल

माझ्या मते एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाबद्दलचा सर्वात मोलाचा कागद तुरुंगात नसतो, जिल्हाधिकारी कार्यालयात असतो.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना सुरू केली. १९८० पासून ती सन्मान योजना झाली. पात्रतेसाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांचा कारावास लागे, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांचा. भूमिगत असणं, हद्दपारी, मालमत्तेची जप्ती, फटक्यांची शिक्षा, नोकरी जाणं यांचाही त्यात विचार होता. राज्य सरकारची योजना वेगळी होती. या योजनांसाठी केलेल्या अर्जात त्या माणसाने स्वतः, पुष्कळदा स्वतःच्या अक्षरात, काय केलं ते तारखांसह लिहिलेलं असतं. घरात कुणालाही कधी न सांगितलेलं त्या अर्जात मिळतं.

शिवाय ज्यांना तुरुंगाचा दाखला मिळाला नाही, त्यांना सहबंद्यांची प्रमाणपत्रं जोडावी लागत. म्हणजे तुमच्या आजोबांच्या फाईलमध्ये आणखी दोन स्वातंत्र्यसैनिकांची नावं आणि गावं असतात. त्या दोन घरांचा शोध घ्या. संस्थेचे पुढचे सभासद तुम्हाला तिथेच भेटतील, आणि त्यांच्या घरच्या आठवणींमधून तुमच्या आजोबांची दुसरी बाजू कळेल.

फाईल मिळवायची कशी? आधी जिल्हाधिकारी कार्यालयात साधा लेखी अर्ज द्या. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, मृत्यूचं साल आणि पेन्शनचा क्रमांक असेल तर तोही लिहा. आजी हयात असेपर्यंत कुटुंब पेन्शन चालू असेल तर तिच्या नावानेही बघायला सांगा, कारण नंतरची फाईल बहुधा तिच्याच नावाने असते. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत मजकूर. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती खाजगी आहे असं कारण सांगितलं गेलं तर त्या कायद्याचं कलम ८(३) दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या बाबतीत बहुतेक अपवाद तिथे लागू राहत नाहीत.

"दप्तर निंदले गेले", म्हणजे जुने कागद मुदत संपल्यावर नष्ट केले, असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या. कागद नाही याचाही कागद लागतो.

चौथी पायरी: पुराभिलेखागार

राज्याचं मुख्य पुराभिलेखागार मुंबईत, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही त्याची दप्तरं आहेत. मुंबई प्रांतातल्या चळवळींसाठी गृह विभागाच्या विशेष शाखेच्या फायली मागा. पोलिसांचे गुप्त अहवालही त्यांत सापडतात. ज्या सरकारने आपल्या माणसांवर पाळत ठेवली त्याच सरकारने त्यांची सभा, मिरवणूक, भाषण, अटक असं सगळं बारकाईने टिपून ठेवलं, आणि आज आपल्याला त्याचा आधार मिळतो.

जाताना ओळखपत्र, संशोधनाचा हेतू सांगणारा अर्ज, पेन्सिल आणि भरपूर वेळ न्या. पहिल्या दिवशी सूची वाचण्यापलीकडे काही झालं नाही तरी दिवस कारणी लागला असं समजा. नावाच्या स्पेलिंगमध्ये अडकू नका. इंग्रजी अमदानीतल्या कारकुनांनी आडनावं ऐकू आली तशी लिहिली, कित्येकदा लिहिलीच नाहीत. "अमुक वल्द (म्हणजे मुलगा) तमुक, राहणार अमुक" एवढंच असतं. म्हणून गावाच्या नावावरून शोधणं जास्त फळतं.

दिल्लीला जायची गरज प्रत्येकाला नसते. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या बघता येतं, आणि त्यावर गृह-राजकीय विभागाच्या बऱ्याच फायली पानापानाने चढवलेल्या आहेत. राज्याच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाने काढलेला स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रकोश विभागवार आहे, तो जिल्हा ग्रंथालयात विचारा. त्यात नाव असणं हा चांगला धागा आहे. नसणं याचा अर्थ मात्र काहीच होत नाही; अर्ज न केलेले, योजनेआधीच वारलेले, "आम्ही पैशासाठी नाही केलं" म्हणून पेन्शन नाकारलेले कितीतरी लोक त्यात सुटले आहेत.

त्या काळातल्या वर्तमानपत्रांकडे जरूर वळा. अटक झालेल्यांच्या नावांच्या याद्या तेव्हा छापून येत. अटकेचा महिना माहीत असेल तरच हे करा, नाहीतर वर्षभराचे अंक चाळण्यात उमेद संपते.

पाचवी पायरी: तुमचं नातं

पूर्वजाचं कार्य सिद्ध झालं, आता तुम्ही त्यांचे कोण हे दाखवायचं. नातवंडांना हे सोपं जातं: शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूचे दाखले, वारस नोंदीचा फेरफार. पणतू-खापरपणतूंना एक-दोन पिढ्या मागे जावं लागतं. तहसील कार्यालयातला गाव नमुना १४, म्हणजे जुनं कोतवाल बुक, तिथे कामी येतं. त्यातल्या नोंदी मोडीत असू शकतात, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार शोधा. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या हेळव्यांच्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या वंशावळी सांगणाऱ्यांच्या, पोथ्या यांतही पिढ्यांची नावं मिळतात. सरकारी पुरावा म्हणून त्या पुरतीलच असं नाही, पण संस्थेच्या कामासाठी आणि पुढचा कागद शोधण्यासाठी त्या अतिशय उपयोगी आहेत.

अमेरिकेत त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या वंशजांच्या संस्था १८८९ आणि १८९० मध्ये निघाल्या. त्या आजही प्रत्येक पिढीच्या दुव्यासाठी कागद मागतात. आपणही ही शिस्त घ्यावी असं मला वाटतं. शंका म्हणून नव्हे. स्वातंत्र्यसैनिकांच्या बनावट प्रमाणपत्रांची बीड जिल्ह्यातली प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि त्यात खऱ्या लढवय्यांच्या घरांनाही संशय सोसावा लागला. तो पुन्हा त्यांच्या वाट्याला येऊ नये.

सहावी पायरी: कुणाला "स्वातंत्र्यसैनिक" मानायचं?

हा निर्णय पहिल्याच बैठकीत घ्या आणि लिहून ठेवा. पुढे सर्वात जास्त मनं इथेच दुखावतात.

पेन्शनची अट ही सरकारी तिजोरीसाठी होती, देशभक्तीचं माप म्हणून ती वापरू नका. तीन महिने विसापूरला काढून आलेला सत्याग्रही तुमच्या यादीत तेवढ्याच मानाने असला पाहिजे. अमेरिकेतल्या त्याच संस्था सैन्याला धान्य आणि सामान पुरवणाऱ्यांचे वंशजही सामावून घेतात. आपल्याकडे तर याची गरज अधिक आहे. प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना जेवू घालणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, हत्यारं लपवणाऱ्या बायकांचं नाव कुठल्या तुरुंगाच्या वहीत येणार? त्यांच्यासाठी पुराव्याचा वेगळा निकष ठेवा: दोन वेगवेगळ्या घरांतल्या, एकमेकांशी जुळणाऱ्या आठवणी, आणि ज्या भूमिगताला आश्रय दिला त्याच्या कागदपत्रात किंवा लेखनात आलेला उल्लेख.

आदिवासी भागांत हेच लागू. जंगल सत्याग्रहातल्या कित्येकांची नावं "इतर इसम" म्हणून पोलिसी कागदात गेली आहेत. गावच्या हुतात्मा स्मारकावरची यादी, तिथल्या वृद्धांची साक्ष आणि खटल्याचे कागद शेजारी ठेवून ती नावं परत मिळवणं, हे एकट्या कुटुंबाला जमत नाही. संस्था लागते ती यासाठी.

आणि पक्ष, पंथ, जात बघू नका. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात सोलापूरच्या ज्या चौघांना फाशी दिलं ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन होते. अहिंसक सत्याग्रही आणि सशस्त्र क्रांतिकारक, काँग्रेसवाले, समाजवादी, कम्युनिस्ट, कुठल्याच पक्षात नसलेले, सगळे एकाच यादीत राहू द्या. आजचं राजकारण त्या यादीत शिरलं की निम्मी घरं दूर जातात.

सातवी पायरी: नोंदणी

कामाला वर्षभराची बैठक आली, घरं जोडली गेली, की मगच इकडे वळा. किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास, अशा दोन्ही नोंदण्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. विधानपत्र, नियमावली, पहिल्या कार्यकारिणीची यादी, पत्त्याचा पुरावा, जागामालकाचं संमतीपत्र हे मुख्य कागद. नंतर पॅन आणि बँक खातं.

नावात "राष्ट्रीय", "भारतीय" असे शब्द घालण्याचा मोह टाळा, मंजुरीला अडचण येते. गावाचं, तालुक्याचं किंवा घटनेचं नाव घ्या. ते जास्त शोभतंही. राजमुद्रा लेटरहेडवर किंवा प्रमाणपत्रावर छापू नका, २००५ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. हे राहून गेलं की पुढे कोण अधिकृत विश्वस्त यावरून वाद होतात आणि बँक खातं अडकतं. हिशेबाचं लेखापरीक्षण दरवर्षी करून घ्या.

नियमावलीत दोन कलमं आवर्जून असू द्यात. एक, संस्थेचं सभासदत्व किंवा प्रमाणपत्र हा सरकारी पुरावा नाही आणि त्यावर नोकरी, आरक्षण किंवा कुठलीही सवलत मागता येणार नाही. नामनिर्देशित पाल्याचा, म्हणजे स्वातंत्र्यसैनिकाने सवलतीसाठी नेमलेल्या वारसाचा, दाखला हा सरकारचा विषय आहे, त्यात संस्थेने मध्यस्थ होऊ नये. दुसरं, मूळ कागद कुटुंबाकडेच राहतील, संस्था फक्त प्रत ठेवेल. हे लेखी असलं की लोक विश्वासाने ट्रंका उघडतात.

पहिल्या वर्षी काय करायचं

एकच काम घ्या: आपल्या तालुक्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांची पुराव्यासह यादी. प्रत्येक नावापुढे गाव, घटना, शिक्षा किंवा सहभाग, आणि तो कशावरून कळला ते लिहा. कागदावरून कळलेलं आणि आठवणीतून कळलेलं वेगवेगळ्या रकान्यात ठेवा, एकत्र करू नका. नंतर कागद सापडला तर आठवण त्या शेजारी तशीच राहू द्या, खोडू नका. हयात नातेवाइकांचे पत्ते आणि फोन या यादीत छापू नयेत.

यादी तयार झाली की गावातल्या हुतात्मा स्मारकाची अवस्था बघून या. गावोगावची ही स्मारकं बरीच कुलूपबंद आहेत. किल्ली कुणाकडे आहे ते शोधा, ग्रामपंचायतीशी बोला, आणि २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टची वाट न बघता स्थानिक घटनेच्या दिवशी तिथे जमा: वडूजला ९ सप्टेंबर, चिरनेरला २५ सप्टेंबर, मराठवाड्यात १७ सप्टेंबर. भाषणं कमी करा. यादीतली नावं एकेक करून मोठ्याने वाचा, आणि शक्य असेल तिथे त्या घरातल्या लहान मुलाला आपल्या पणजोबांचं किंवा पणजीचं नाव वाचू द्या.

यादीच्या तीन प्रती काढा: एक गावच्या शाळेला, एक जिल्हा ग्रंथालयाला, एक पुराभिलेखागाराला. प्रत दिल्याची पोच घ्या, आणि पोचपावती संस्थेच्या पहिल्या फाईलमध्ये पहिल्या पानावर लावा.